गाडीतला सामानाचा खण पुन्हा पुन्हा अडकत असेल तर

गाडीच्या डिकीत प्लायवूडची पेटी बसवून तिच्यात सरकते खण करण्याची हौस इंदूरच्या ऑफ-रोड मंडळींमध्ये आता चांगलीच रुजली आहे. तंबू, अवजारे, पाण्याचे कॅन आणि स्वयंपाकाचे सामान जागच्या जागी राहते आणि एका वस्तूसाठी सारी डिकी उपसावी लागत नाही, हा तिचा उघड फायदा आहे. मात्र या पेट्यांमध्ये एक दोष मला वारंवार दुरुस्त करावा लागला आहे. पहिले दोन-तीन महिने खण लोण्यासारखा सरकतो, मग एखाद्या खडतर फेरीनंतर अडू लागतो आणि शेवटी दोन माणसांनी ओढल्याशिवाय बाहेर येत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत हे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा मी चॅनेल, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या सरकपट्ट्या, बदलले. चौथ्या वेळी नवे चॅनेल आणण्यापूर्वी पेटी जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट सहज सैल करून पाहिले, तर तोच खण बोटाने ओढला तरी येऊ लागला. त्यानंतर परिचितांच्या नऊ-दहा गाड्या हाताखालून गेल्या आणि चॅनेल खरोखर निकामी झालेले असे फक्त दोन ठिकाणी आढळले.

पुढील मजकुरात ‘पेटी’ म्हणजे गाडीला बोल्टने जखडलेली बाहेरची चौकट आणि ‘खण’ म्हणजे तिच्यात चॅनेलवर सरकणारा भाग, असा अर्थ घ्यावा.

लक्षणे

खण नेमका कोठे अडतो आणि केव्हा अडतो, हे आधी एका कागदावर लिहून ठेवावे, कारण निम्मे निदान तेवढ्यावरच होते. बंद करताना खण शेवटच्या दोन-तीन इंचांत अडत असेल आणि एरवी हलका चालत असेल, तर मागे काहीतरी पडलेले असते किंवा पेटी मागच्या बाजूला अरुंद झालेली असते. संपूर्ण लांबीभर तो सारखाच जड चालतो आणि वाळू चावल्यासारखा करकर आवाज येतो, तेव्हा धूळ हे कारण जवळजवळ निश्चित असते. रिकामा असताना सुरळीत आणि भरल्यावर जड चालणाऱ्या खणाचा तळ झोल खात असतो किंवा चॅनेलवर त्याच्या ताकदीबाहेरचे वजन पडत असते. आषाढ-श्रावणात अडकून दिवाळीच्या सुमारास आपोआप सुटणारा खण म्हणजे पाणी पिऊन फुगलेला प्लाय.

सर्वांत फसवे लक्षण निराळेच आहे. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर खण विनातक्रार उघडतो आणि इंदूरजवळच्या जानापावच्या वाटेवर एक चाक दगडावर चढवून गाडी उभी केली की जागचा हलत नाही. हा पेटीला बसलेला पीळ असतो, आणि याच लक्षणावर लोक चॅनेलमागून चॅनेल बदलत राहतात.

खण उत्तम चालतो, पण खड्ड्यांतून जाताना पेटीतून धडधड ऐकू येते, हे लक्षण पुष्कळांना किरकोळ वाटते. माझ्या मते या यादीतील सर्वांत गंभीर लक्षण तेच आहे आणि त्याचा विचार खाली स्वतंत्रपणे केला आहे.

आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, खण पूर्ण रिकामा करावा आणि मगच तो चालवून पाहावा. भरलेल्या खणावर केलेली कोणतीही परीक्षा दिशाभूल करते, शिवाय भरलेला खण चॅनेलमधून निसटून पायावर पडला तर दुखापत होते. रिकामा खण काढून टॉर्चच्या उजेडात पेटीची मागची भिंत पाहावी. खणाच्या कडेवरून उडालेला पाना, दोरीचे वेटोळे किंवा गॅसच्या शेगडीची जाळी तेथे जाऊन अडकते. एका मित्राच्या गाडीत मी अर्धा तास गुण्या लावून कोन मोजत होतो आणि अखेरीस मागून निघाला तो चपटा झालेला लसणी शेवेचा पुडा. ही तपासणी पहिल्या क्रमांकावर आली ती तेव्हापासून.

त्यानंतर वजन पाहावे. घरातील वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग सामान हातात घेऊन उभे राहावे आणि दोन आकड्यांतील फरक लिहावा. फर्निचरसाठी मिळणारे ४५ मिलिमीटर रुंदीचे बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनेल साधारणपणे जोडीला ३५ ते ४५ किलो वजनासाठी बनवलेले असतात, आणि तो आकडा स्वयंपाकघरात स्थिर उभ्या असलेल्या कपाटासाठी असतो. गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा त्याच सामानाचा भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. वीस लिटरचा पाण्याचा एक कॅनच वीस किलोंच्या वर जातो. त्यात जॅक, पाने आणि साखळी आली की साधे चॅनेल घरातून निघतानाच मर्यादेला टेकलेले असते. माझा नियम असा आहे की चॅनेलवर छापलेल्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा अधिक वजन खणात ठेवू नये. ते जमत नसेल तर पाण्याचे कॅन खणाबाहेर, पेटीच्या शेजारी पट्ट्याने बांधावेत. तेवढ्याने तक्रार मिटली तर पुढे काही करण्याची गरज नाही.

तिसरी तपासणी हाताने होते. पेटीचा वरचा कडा दोन्ही हातांनी धरून ती पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जोराने हलवावी. पेटी आणि गाडी एकसंध हलली पाहिजेत. पेटी स्वतंत्रपणे तसूभरही सरकत असेल किंवा टक् असा आवाज येत असेल, तर धुळीची आणि चॅनेलची चर्चा तेथेच थांबवून थेट बोल्टांच्या भागाकडे जावे.

धूळ

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भुगा होते आणि तिची धूळ पिठाहून बारीक असते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे धुळीचे लोट घोटाळत राहतात. डिकीच्या दाराचे रबर थोडे जरी कडक झाले असेल तरी ही धूळ आत ओढली जाते आणि पहिली जाऊन बसते ती चॅनेलमधल्या ग्रीसवर. ग्रीस आणि माती यांचे मिश्रण म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टचा भाऊच. प्रत्येक वेळी खण उघडताना ते बेअरिंगच्या गोळ्या आणि त्या जिच्यातून धावतात ती पन्हळ दोन्ही खात राहते. म्हणूनच खण जड झाला की वरून आणखी ग्रीस चोपडणे हा उपाय आठवडाभर टिकतो आणि नंतर दुखणे वाढवतो.

खण काढण्यासाठी तो पूर्ण बाहेर ओढावा. दोन्ही चॅनेलवर काळ्या प्लास्टिकची छोटी पट्टी दिसते. बहुतेक चॅनेलांत एका बाजूची पट्टी वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबावी लागते, आणि दोन्ही एकाच वेळी दाबून खण सरळ ओढावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे ताकद लावून कित्येकांनी पट्ट्या मोडल्या आहेत. जुने ग्रीस रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने पूर्ण धुऊन काढावे, फडक्याने पुसावे आणि कोरडे होऊ द्यावे. हे काम उघड्यावर करावे आणि जवळपास विडी-सिगारेट नसावी. त्यानंतर ओले तेल किंवा ग्रीस न लावता कोरडा थर धरणारा टेफ्लॉनचा किंवा सिलिकॉनचा स्प्रे हलक्या हाताने मारावा, कारण कोरड्या थरावर धूळ चिकटत नाही. गंज सोडवण्याचा जो स्प्रे घरोघरी असतो तो धुण्यासाठी उपयोगी पडतो, वंगण म्हणून तो टिकत नाही.

खण परत घालताना गोळ्या धरून ठेवणारी जाळी पेटीतील चॅनेलच्या अगदी पुढच्या टोकाला ओढून घ्यावी. ती मागे राहिली तर खणाची पट्टी तिच्यावर आदळते, जाळी वाकते आणि गोळ्या घरंगळतात. एकदा गोळ्या बाहेर पडल्या की ते चॅनेल टाकून द्यावे. त्या परत बसवण्याचा उद्योग मी दोनदा केला आणि दोन्हीदा वेळ फुकट गेला.

स्क्रू आणि फट

खण बाहेर असतानाच चॅनेलच्या आतील स्क्रूंवरून बोट फिरवावे. एखाद्या स्क्रूचे डोके वर आलेले असेल तर जाळी प्रत्येक फेरीत त्यावर घासते. तेथे चकचकीत ओरखडा दिसतो आणि खण दर वेळी नेमक्या त्याच जागी अडतो. स्क्रू फिरवल्यावर घट्ट न होता नुसता फिरत राहिला, तर प्लायमधील भोक मोठे झालेले असते. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून स्क्रू पुन्हा पिळणे घरातील कपाटाला चालते, गाडीच्या थरथरीला ते पुरत नाही. तेथे आरपार मशीन स्क्रू घालून मागून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा नट) लावावा.

आता मोजमाप. साध्या बॉल बेअरिंग चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जागा लागते. म्हणून खणाची बाहेरची रुंदी पेटीच्या आतील रुंदीपेक्षा सुमारे २५.५ मिलिमीटरने कमी असावी लागते. पेटीची आतील रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजावी. तिन्ही आकडे एका मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. मागचा आकडा कमी आला, तर शेवटच्या दोन-तीन इंचांत अडणाऱ्या खणाचे कोडे सुटले. फट जास्त असेल तर चॅनेलच्या मागे सनमायकाची एक मिलिमीटर जाडीची पट्टी भरून ती भागवता येते. फट कमी असेल तर मात्र खणाची बाजू रंध्याने तासावी लागते, आणि तेथे जोडाचे खिळे किंवा स्क्रू दिसू लागले तर नवा खण करणेच बरे.

एका बाजूने पुढे येणारा आणि दुसऱ्या बाजूने मागे राहणारा खण बहुधा खोलीपेक्षा रुंद असतो. अशा आकाराचा खण एका कडेला ओढला की तिरपा होतो आणि कितीही चांगले चॅनेल लावले तरी त्याचा हा स्वभाव जात नाही. खणाचे दोन भाग करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

पीळ: जेथे बहुतेक वेळा दोष सापडतो

घरात जमिनीवर ठेवून जोडलेली पेटी गुण्यात, म्हणजे काटकोनात असते. डिकीचा पत्रा मात्र सपाट नसतो. त्याला नाळ्या, उंचवटे आणि उतार असतात. पेटीचे तीन कोपरे टेकलेले आणि चौथा तीन-चार मिलिमीटर अधांतरी अशा स्थितीत चारही बोल्ट आवळले, की बोल्ट तो चौथा कोपरा खाली ओढतो आणि सारी पेटी पिळली जाते. दोन्ही बाजूंचे चॅनेल मग एका पातळीत राहत नाहीत, गोळ्या कडांवर चालू लागतात आणि काही महिन्यांत पन्हळ झिजते. नव्या चॅनेलमध्ये थोडी ढिलाई असते, त्यामुळे ते बसवल्यावर काही काळ बरे वाटते. माझी तीन चॅनेले या बरे वाटण्यातच गेली.

पीळ पाहण्यासाठी दोन दोरे पुरतात. पेटीच्या वरच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक दोरा ताणून बांधावा आणि त्यावरून दुसऱ्या कर्णावर दुसरा दोरा ताणावा. पेटी सपाट असेल तर मध्यभागी दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात. वरचा दोरा अधांतरी राहिला तर पीळ आहे. स्पर्श दिसला तरी वरचा दोरा खाली आणि खालचा वर घेऊन पुन्हा पाहावे, कारण उलट दिशेचा पीळ पहिल्या खेपेला लपून राहतो. मध्यभागी २ मिलिमीटर फट दिसली, तर एक कोपरा ४ मिलिमीटरने वर किंवा खाली आहे असे समजावे. याच वेळी पेटीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला तर पेटी तिरकी झाली आहे आणि तिला मागची भिंत किंवा कोपऱ्यात लोखंडी कोनपट्टी लावून ताठ करावी लागेल.

निदान पक्के करण्यासाठी गाडी उभी असतानाच एकेक बोल्ट दोन-तीन फेरे सैल करावा आणि प्रत्येक वेळी रिकामा खण चालवून पाहावा. ज्या बोल्टाने खण सुटतो, त्या कोपऱ्याखाली फट असते. बोल्ट हाताने टेकवून ती फट मोजावी, तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा तेथे भरावा आणि मगच बोल्ट आवळावा. लाकडाची चीप किंवा घडी केलेला पुठ्ठा येथे चालत नाही. दोन्ही दबत जातात आणि बोल्ट सैल पडतो.

सपाट जागी दोरे जुळत असूनही चाक दगडावर गेले की खण अडत असेल, तर गाडीचा सांगाडाच वळण घेत असतो आणि पेटी त्याच्यासोबत ओढली जाते. गाडीने वळण घेणे हा दोष नाही. येथे बोल्ट कमी करण्याचा मोह टाळावा. आत लोखंडी नळी असलेले रबर बुश पेटीच्या मागच्या दोन जागी बसवले, तर पेटीला थोडी मोकळीक मिळते आणि पकडही जात नाही. बुशांची निवड आणि वेल्डिंग मात्र चांगल्या फॅब्रिकेटरकडूनच करून घ्यावे.

पावसाळ्यात फुगलेला प्लाय

ओल्या ताडपत्र्या आणि चिखलाचे बूट ज्या पेटीत जातात, तिच्यासाठी कपाटाचा साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्रतीचा प्लाय कामाचा नाही. त्याची कापलेली कड पाणी पिते, १८ मिलिमीटरची फळी एखाद-दोन मिलिमीटरने सहज जाड होते आणि चॅनेलसाठी ठेवलेली फट तेवढीच कमी होते. कड नखाने दाबून पाहावी. ती मऊ लागली किंवा पापुद्रे सुटू लागले असतील तर ती फळी बदलावी. नव्या फळीवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असावा. या मरीन प्लायचे थर किती घट्ट चिकटले आहेत याची परीक्षा ७२ तास पाण्यात उकळून घेतली जाते. फळी कशीही असली तरी तिच्या सर्व कडांना, अगदी स्क्रूच्या भोकांच्या आतूनही, पॉलियुरेथेनचे दोन हात द्यावेत. सुजलेली पण अजून टणक असलेली पेटी पावसाळ्यात तासू नये. ती दिवाळीनंतर आकसते आणि तासलेली जागा सैल राहून खडखडू लागते.

बोल्ट, आणि कोठे थांबावे

आता त्या धडधडीकडे वळू. बोल्ट ताणामुळे जितका सैल होतो, त्याहून कितीतरी लवकर तो जोड आडवा घसरत राहिल्याने सैल होतो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. खडबडीत रस्त्यावर पेटी आडवीच हलत असते. म्हणून नुसता स्प्रिंग वॉशर घालून निर्धास्त होऊ नये. जोड घसरणारच नाही इतकी पकड हवी, त्यासाठी ८.८ या ताकदीच्या प्रतीचा एम८ (८ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट, रुंद जाड वॉशर आणि मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा डिंक) वापरावे. इंदूरच्या सियागंज बाजारातील हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावर ८.८ कोरलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. नायलॉक नट दोन-चार वेळा काढला-घातला की त्याची पकड कमी होते. तो स्वस्त असतो, नवाच लावावा.

बोल्ट आवळूनही पेटी हलत असेल, बोल्टाभोवतीचा पत्रा लाटांसारखा उचलला गेला असेल, तेथे भेग किंवा गंज दिसत असेल, अथवा कारखान्याने बसवलेला नट आतल्या आत फिरत असेल, तर तेथेच थांबावे आणि बॉडीचे काम करणाऱ्या जाणकाराला गाडी दाखवावी. हा सल्ला अतिसावधपणाचा वाटू नये म्हणून हिशेब देतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आदळून ७० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. ८० किलोंची भरलेली पेटी तेव्हा अकराशे किलोंच्या जोराने पुढच्या आसनांकडे निघते. फाटलेला पत्रा तो जोर धरू शकत नाही, आणि त्या पेटीपुढे माणसे बसलेली असतात.

डिकीच्या पत्र्याला नवे भोक स्वतः पाडू नये. अनेक गाड्यांत त्याच्या लगेच खाली इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या किंवा वायरिंग असते, आणि ड्रिलचे टोक पत्रा फुटताच अंगठाभर खाली घुसते. सामान बांधण्याच्या कड्यांच्या आणि आसनांच्या मूळ जागा उपलब्ध असतील तर त्याच वापराव्यात. आसन कायमचे काढून पेटी बसवली असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो, कारण नोंदणीपत्रातील आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडतो. तशा गाडीबाबत परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी.

चॅनेल बदलण्याची पाळी शेवटी

एवढे सारे करून पेटी गुण्यात आली आणि तरी खण जड चालला, तर चॅनेल काढून काचेवर आडवे ठेवावे. ते डुगडुगत असेल, पन्हळीत बोटाला खळगे लागत असतील किंवा गोळ्या गहाळ असतील, तर बदलावे. बदलताना दोन्ही बाजूंचे एकाच वेळी आणि एकाच मापाचे घ्यावेत. जड सामानासाठी ७६ मिलिमीटर रुंदीचे कुलपाचे, म्हणजे खण जागी अडकवून ठेवणारे, चॅनेल मिळतात; त्यांना अर्ध्या इंचापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून खण पुन्हा करावा लागेल हे आधीच गृहीत धरावे. चढावर आपोआप उघडणाऱ्या खणालाही तेच लावावेत, किंवा निदान समोर ओढून बसणारी कडी लावावी.

काम झाल्यावर प्रत्येक बोल्टावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. खराब रस्त्यावर पहिले दोनशे किलोमीटर झाले की डिकी उघडून रेघा पाहाव्यात. जेथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट फिरला आहे. त्यानंतर गाडीचे एक मागचे चाक विटांवर चढवून, रिकामा खण तीन-चार वेळा उघडून पाहावा. तो तेव्हाही बोटाने सरकला तरच सामान भरावे.